फ्रीझरमध्ये बर्फ होतोय, पण खाली दूध नासतंय. गॅस भरून घ्यायचा का? (ऐरोली)

निवडुंग

मंडळी, जरा घाईत लिहितेय. घरात सासूबाईंचं इन्सुलिन आहे आणि फ्रीजवर भरवसा ठेवावा असं राहिलेलं नाही.

डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री, २६० लिटरच्या आसपासचा, इन्व्हर्टर कंप्रेसरवाला फ्रीज आहे. सात वर्षं झाली, आजवर काही तक्रार नव्हती. पाऊस सुरू झाला आणि तेव्हापासून खालचा कप्पा गारच होत नाही. रात्री ठेवलेलं दूध सकाळी तापवायला घेतलं की फाटतं. कोथिंबीर दुसऱ्या दिवशी पिवळी. इडलीचं पीठ फ्रीजमध्ये असूनही फुगून डब्याच्या झाकणावर आलं. फ्रीझरमध्ये मात्र बर्फाचा ट्रे गोठतो, पूर्वीपेक्षा उशिरा गोठतो एवढंच. दिवा लागतो, मागून नेहमीची घरघर येते. दोन्ही बटणं मॅक्सवर नेली, तरी काही फरक नाही.

ओळखीतून एक मेकॅनिक येऊन गेला. फ्रीझरमध्ये हात घातला, मागे कंप्रेसरला हात लावला आणि म्हणाला, गॅस कमी झालाय, भरावा लागेल, साडेतीन हजार. काहीच उघडून बघितलं नाही, म्हणून मी उद्या सांगते म्हटलं. खरंच गॅस संपला असेल का? की आता नवाच घ्यावा?

कोपरीकर

सात वर्षं म्हणजे गॅसच असणार. आमच्याकडेही असंच झालं होतं. भरून घ्या आणि मोकळ्या व्हा.

पारसिक

निवडुंगताई, गॅसला अजून हो म्हणू नका. मी कळव्याला फ्रीज-एसीचंच काम करतो. तुमच्याकडे आलेल्या माणसाला मी वाईट म्हणणार नाही, पण पॅनल न उघडता, मीटर न लावता गॅस कमी आहे असं छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही.

फ्रीजमधला गॅस स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी भोक आहे किंवा सांधा सुटलाय. ते न शोधता नुसता गॅस भरला तर तो पुन्हा जाणार आणि पुन्हा पैसे जाणार. म्हणून कुणी गॅस म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो: लीक कुठे सापडला?

आता तुमचा फ्रीज. तुमच्यासारख्या बहुतेक फ्रॉस्ट फ्रीमध्ये गार करणारी कॉइल एकच असते आणि ती फ्रीझरच्या मागच्या प्लास्टिकच्या पॅनलआड बसवलेली असते. खालच्या कप्प्यात थंडी तयार होतच नाही, ती वरून येते. कॉइलजवळचा छोटा पंखा गार हवा फ्रीझरमध्ये फिरवतो आणि त्यातली थोडी मागच्या डक्टमधून खाली सोडतो. आपण दार उघडतो तेव्हा बाहेरची दमट हवा आत शिरते आणि तिच्यातलं बाष्प त्या कॉइलवर बर्फ होऊन बसतं. हा बर्फ वितळवायला कॉइलला लागून एक हीटर असतो. दर काही तासांनी कंप्रेसर थांबतो, हीटर लागतो, बर्फाचं पाणी होतं आणि ते नळीतून मागे कंप्रेसरवरच्या ट्रेमध्ये पडून तिथल्या उष्णतेनेच सुकतं. आपल्याला यातलं काही दिसत नाही.

या साखळीतलं काही बिघडलं की बर्फ वितळत नाही, साठत जातो. हळूहळू कॉइलच्या पत्र्यांमधल्या फटी बुजतात आणि पंख्याला ओढायला हवाच उरत नाही. फ्रीझर कॉइलला लागून असल्यामुळे तो तग धरतो. खालचा कप्पा आधी हात टेकतो. तुम्ही लिहिलंय ते बरंचसं याच्याशी जुळतं, आणि सुरुवात पावसाळ्यात होणं तर फारच जुळतं.

तीन गोष्टी बघून सांगा. फ्रीझरचं दार उघडून चौकटीतलं दाराचं बटण बोटाने दाबून धरा, पंख्याचा आवाज येतो का? इन्व्हर्टर फ्रीजमध्ये तो लगेच सुरू होत नाही, जरा थांबावं लागतं. फ्रीझरच्या मागच्या भिंतीवर पांढरा बर्फ धरलाय का, किंवा ती भिंत कुठे फुगल्यासारखी वाटते का? आणि भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतंय का?

सोलकढी

दुरुस्तीचं चालू द्या, पण आधी इन्सुलिन शेजारी ठेवून या. आज, आत्ता. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. वापरात असलेली कुपी किंवा पेन बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण उन्हात नाही आणि ३० अंशांच्या वर नाही. काही प्रकारांची मर्यादा २५ अंशच असते, तेव्हा सोबतच्या कागदावर बघा आणि डॉक्टरांना फोन करून खात्री करा. आणि घाबरून ते फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक दिसतं, पण ते वापरायचं नसतं.

शेजारी सोय नसेल तर रुंद तोंडाचा थर्मास घ्या. बर्फाचा पॅक टॉवेलात गुंडाळून खाली, त्यावर आणखी एक कापड, मग डबीत इन्सुलिन. बर्फाला थेट टेकता कामा नये. ओल्या फडक्याचा माठ उन्हाळ्यात विदर्भात छान चालतो, पण आपल्याकडच्या दमट हवेत, त्यातून जूनमध्ये, पाणी उडतच नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

खाण्याचंही सांगते. खालचा कप्पा ५ अंशांच्या वर गेला की शिजवलेला भात, डाळ, मासे, चिकन यांचा वास बघून निर्णय घ्यायचा नाही. वास बिघडायच्या आधीच त्यात जंतू वाढलेले असू शकतात. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तास, फार उकाडा असेल तर एकच तास, हा हिशेब बंद पडलेल्या फ्रीजलाही लागू. लोणचं, मुरांबा, तूप, सॉस यांची चिंता नको. ओल्या खोबऱ्याची चटणी आणि मासे यांना पहिला निरोप द्या.

निवडुंग

सोलकढीताई, इन्सुलिन समोरच्या काकूंकडे ठेवलं. डॉक्टरांनी जुनी कुपी वापरू नका सांगितलं, नवीन आणली. तुमच्यामुळे तातडीने हललो, खरंच आभार.

पारसिकदादा, बटण दाबून धरलं. पंख्याचा आवाज येतो, पण मधेच काहीतरी घासल्यासारखा खर्र खर्र. मागच्या भिंतीवर खालच्या बाजूला पांढरा थर आहे, नखाने खरवडला तर निघतो. भाजीच्या ट्रेखाली पाणी नाही.

पारसिक

घासल्याचा आवाज म्हणजे पात्याला बर्फ लागतोय. दुखणं डीफ्रॉस्टचंच, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवणारी साखळी बिघडलीय. आता गॅसवाल्याला फोन करू नका.

येऊरवारा

इथे एक गोष्ट सगळ्यांसाठी, कारण मॅक्सचा गोंधळ घरोघरी दिसतो. बऱ्याच जुन्या आणि साध्या डबल डोअरमध्ये दोन बटणं असतात आणि लोकांना वाटतं की एक फ्रीझर गार करतं, दुसरं फ्रीज. प्रत्यक्षात एक थर्मोस्टॅट असतो, कंप्रेसर कधी सुरू-बंद करायचा हे ठरवणारा. दुसरं बटण नुसती झडप असते, वरची हवा खाली किती सोडायची याची. फ्रीझरचं बटण मॅक्सला नेलं की झडप मिटते आणि थंडी वरच कोंडते. म्हणजे खाली गार होत नाही म्हणून दोन्ही मॅक्सला नेणारा माणूस खालचा कप्पा आणखी गरम करून ठेवतो. निवडुंग, तुमच्या फ्रीजला फ्रीझरचं फिरवायचं बटण असेल तर ते मध्यावर आणा. डिजिटल पॅनल असेल तर हा मुद्दा सोडून द्या, तिथे झडप मोटरवर चालते.

आणि अंदाजाने काम करू नका. साधा फ्रीज थर्मामीटर घ्या, पाण्याने भरलेल्या पेल्यात बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडताक्षणी वाचा. हवेचं तापमान दार उघडलं की लगेच उडी मारतं, पाण्याचं मारत नाही. २ ते ५ अंश असेल तर फ्रीज ठीक आहे. फ्रीझर उणे १८ च्या जवळ हवा. उणे ८ लाही बर्फाचा ट्रे गोठतो, म्हणून "बर्फ होतोय" हा फ्रीझर ठणठणीत असल्याचा पुरावा नव्हे.

कोपरीकर

येऊरवारांनी तेच म्हटलं जे मला म्हणायचं होतं. फ्रीझर बर्फ करतो म्हणून गॅस पूर्ण आहे असं होत नाही. आमच्याकडे लीक बारीक होता. वर बर्फ व्हायचा, खाली कोमट. लक्षणं हुबेहूब निवडुंग यांच्यासारखी. आणि गॅसच निघाला.

पारसिक

कोपरीकर, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि तो टाळून चालणार नाही. बारीक लीकमध्येही आधी खालचा कप्पाच जातो. दोन्हींत फरक ओळखायचा तर पॅनल काढून कॉइल डोळ्यांनी बघायला लागते, दुसरा उपाय नाही.

पॅनल काढल्यावर काय दिसतं ते सांगतो, म्हणजे मेकॅनिक उघडेल तेव्हा तुम्ही शेजारी उभं राहून बघू शकाल. डीफ्रॉस्ट बंद असेल तर कॉइल दिसतच नाही. वरपासून खालपर्यंत पांढरी लादी असते, पत्रे पूर्ण बुजलेले, कधी बर्फ पॅनलच्या थर्माकोलला चिकटून बरोबर निघतो. गॅस कमी असेल तर उलट. कॅपिलरी, म्हणजे गॅस आणणारी केसासारखी बारीक नळी, जिथून कॉइलमध्ये शिरते तिथले पहिले एक-दोन वेढे बर्फाने गच्च आणि बाकीची कॉइल कोरडी किंवा नुसती ओलसर, तांबं-अॅल्युमिनियम उघडं दिसतं. आणि निरोगी कॉइलवर बारीक, एकसारखं दव गोठल्यासारखा पातळ थर असतो, सगळ्या वेढ्यांवर सारखा. हे तीन चित्रं डोक्यात ठेवली की कुणी फसवू शकत नाही.

निवडुंगताईंच्या पंख्याला बर्फ लागतोय, म्हणजे बर्फ भरपूर आहे आणि वरपर्यंत आहे. गॅस गेलेल्या फ्रीजमध्ये एवढा बर्फ जमायला थंडीच पुरत नाही. म्हणून मी डीफ्रॉस्ट म्हटलं.

मोगरा

नेरूळहून. आमचा फ्रीज अगदी असाच वागला होता. आधी घरच्या घरी खात्री करून घ्या, पैसे लागत नाहीत. सगळं सामान काढा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी टाकून पूर्ण दिवस-रात्र फ्रीज तसाच ठेवा. खाली जुने टॉवेल अंथरा, मागचा पाण्याचा ट्रे भरून वाहू शकतो. फ्रीझर वरून कोरडा दिसला तरी घाई करू नका, पॅनलच्या आतला बर्फ सर्वांत शेवटी जातो. दोन-चार तासांत सुरू केला तर अर्धवट वितळलेलं पाणी पुन्हा गोठून आणखी घट्ट लादी होते.

मग सुरू करा. फ्रीज नव्यासारखा गार व्हायला लागला आणि काही दिवसांनी पुन्हा तेच झालं, तर डीफ्रॉस्टचा भाग गेलाय हे पक्कं. आणि गार झालाच नाही तर दुखणं दुसरं आहे.

हेअर ड्रायर जवळ धरू नका. पॅनलचं प्लास्टिक वाकडं होतं आणि पाण्याजवळ वीज नको. आमच्याकडे टेबल फॅन समोर लावला होता, तेवढा पुरला.

सिडको_घर

धागा वाचून विचारतेय. आमचा सिंगल डोअर आहे, बर्फाचा डबा इतका भरतो की दार लागत नाही. सुरीने टोचून काढला तर चालेल ना, हलक्या हाताने?

पारसिक

ताई, अजिबात नको. सिंगल डोअरमध्ये तो बर्फाचा डबा म्हणजेच कॉइल असते. दोन पातळ अॅल्युमिनियमचे पत्रे एकमेकांवर दाबून मधे गॅसच्या वाटा केलेल्या असतात. सुरीचं टोक लागलं की फुस्स आवाज येतो आणि सगळा गॅस बाहेर. वर्षभरात माझ्याकडे येणाऱ्या सिंगल डोअरमध्ये हे फार असतं. त्या पत्र्याला ठिगळ नीट टिकत नाही, डबाच बदलावा लागतो.

थर्मोस्टॅटच्या मधोमध डीफ्रॉस्टचं बटण असतं, ते दाबा. बर्फ पेन्सिलीच्या जाडीचा झाला की दाबायचं, डबा भरेपर्यंत थांबायचं नाही. आणि इतका बर्फ पटापट होत असेल तर दाराचं रबर तपासा. कागदाची पट्टी दारात अडकवून ओढा, चारही बाजूंनी. जिथे सहज सुटते तिथून हवा शिरते. रबराच्या खाचांत पिठूळ आणि तेलकट मळ बसतो, कोमट साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने काढा. बरीच रबरं एवढ्यावर पुन्हा चिकटतात.

घोडबंदर_संध्याकाळ

आमच्याकडे वेगळंच. साधा कंप्रेसर, इन्व्हर्टर नाही. दर पाच-सात मिनिटांनी मागे टिक् असा आवाज, क्षणभर गुणगुण, पुन्हा टिक्, शांत. दोन्ही कप्पे गरम. कंप्रेसर गेला का?

येऊरवारा

लगेच कंप्रेसरवर जाऊ नका. कंप्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतोय, जमत नाही, तापतो आणि ओव्हरलोड, म्हणजे जास्त तापलं की वीज तोडणारा भाग, त्याला तोडतो, तो टिक्चा आवाज. कारणं तीन असू शकतात. कंप्रेसरच्या कुशीत बसवलेला रिले, म्हणजे त्याला सुरू करून देणारा छोटा भाग, जळलाय, किंवा व्होल्टेज पडतंय, किंवा कंप्रेसर आतून जाम झालाय. पहिलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त आढळणारं. मेकॅनिकने रिले काढून कानाजवळ हलवला आणि आत खुळखुळ वाजलं, तर आतली चकती फुटलीय, नवा रिले टाका. जळका वास येतो तो वेगळा.

व्होल्टेज सॉकेटवर मोजून घ्या, संध्याकाळी, सगळ्यांचे एसी चालू असताना. मोजताना कंप्रेसर सुरू व्हायचा क्षण पकडा. त्या क्षणी आकडा खूप खाली जात असेल तर तुमचं वायरिंग किंवा सॉकेट सैल आहे. फ्रीज एक्स्टेन्शन बोर्डवर आणि त्याच बोर्डवर मायक्रोवेव्ह, ही नव्या फ्लॅटमधली नेहमीची मांडणी. फ्रीजला भिंतीतलं स्वतःचं सॉकेट हवं.

आणि वीज जाऊन लगेच आली तर प्लग काढून पाच मिनिटं थांबा. कंप्रेसर थांबल्यावर नळ्यांतला दाब दोन्हीकडे सारखा व्हायला वेळ लागतो. त्याआधी सुरू केला की चांगला कंप्रेसरही अडतो. इन्व्हर्टर फ्रीजचा बोर्ड हे स्वतः सांभाळतो, जुन्या साध्या फ्रीजला टाइमवाला स्टॅबिलायझर लावा.

घोडबंदर_संध्याकाळ

सॉकेट सैलच निघालं, काळं पडलं होतं. तरी टिक् टिक् चालूच होतं, रिले बदलला, आता चालतोय. मनापासून आभार. पण फ्रीजच्या बाजूंच्या भिंती हात भाजतील इतक्या तापतात, हे बरोबर आहे का?

येऊरवारा

कोमट ते बऱ्यापैकी गरम, हे ठीक. हल्लीच्या फ्रीजना मागे काळी जाळी नसते, ती नळी बाजूच्या पत्र्यांच्या आत फिरवलेली असते आणि आतली उष्णता तिथून बाहेर जाते. ती बाहेर जाऊ द्या मात्र. आपल्याकडे बिल्डर स्वयंपाकघरात फ्रीजसाठी मापाचा कोनाडा देतो, लोक त्यात मोठा फ्रीज ठासतात आणि वर पिठाचे डबे रचतात. मागे आणि दोन्ही बाजूंना चार बोटं तरी मोकळी सोडा. जागाच नसेल तर फ्रीज बाहेर काढा, कोनाड्यात फळ्या मारा.

निवडुंग

अपडेट देते. मोगराताईंनी सांगितलं तसं पूर्ण दिवस-रात्र फ्रीज उघडा ठेवला. पाणी इतकं निघालं की टॉवेल पिळावे लागले. सुरू केल्यावर रात्रीत फ्रीज मस्त गार, पेल्यातल्या थर्मामीटरवर ४ अंश. घरात सगळे खूश झाले. आठवडा उलटला आणि पुन्हा ९, मग १२. पंख्याची खर्र खर्र परत आली.

मग सोसायटीतल्यांनी सुचवलेला दुसरा मेकॅनिक बोलावला. त्याने आधी पॅनल उघडलं. पारसिकदादा, अगदी तुम्ही लिहिलं होतं तसंच, पांढरी लादी, कॉइल दिसतच नव्हती. गरम पाणी ओतून बर्फ काढला. मीटर लावला. हीटर चांगला, २६० ओहमच्या आसपास दाखवत होता. त्याच्या शेजारचा थर्मल फ्यूज मात्र उडालेला. फ्यूज आणि त्याच वायरवरचा सेन्सर बदलला, नळीतही गरम पाणी सोडून ती मोकळी केली. सगळे मिळून बाराशे घेतले, बिल दिलं. गॅसचं नावही काढावं लागलं नाही.

त्याने एक पर्याय सांगितला होता, फ्यूज काढून वायर डायरेक्ट जोडायची, म्हणजे पुन्हा प्रश्नच नको. मी नको म्हटलं. बरोबर केलं ना?

पारसिक

अगदी बरोबर केलंत. हीटरचं रीडिंगही योग्य आहे, २०० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर साधारण २६५ ओहम दाखवतो.

फ्यूज डायरेक्ट करणं हा आमच्या धंद्यातला वाईट शॉर्टकट आहे आणि मी तो कुणालाही करू देत नाही. सेन्सर चुकला किंवा बोर्डचा रिले चिकटला तर हीटर तापतच राहतो. तेव्हा त्याला तोडणारा शेवटचा माणूस म्हणजे तो फ्यूज. शेजारी प्लास्टिक आणि थर्माकोल आहे. त्यात तुमच्या फ्रीजमध्ये बहुतेक आर-६००ए हा गॅस असेल. मागच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, बघा. तो आयसोब्युटेन आहे, पेट घेणारा. ओझोनला तो काही करत नाही आणि हवामानालाही जुन्या आर-१३४एपेक्षा कितीतरी कमी त्रास देतो, म्हणून कंपन्या तिकडे वळल्या आणि ते चांगलंच झालं. पण त्याच्याशी आदराने वागावं लागतं.

जुन्या पद्धतीचे बायमेटल (तापमान बघून हीटरची वीज जोडणारा-तोडणारा भाग) असलेल्या फ्रीजवाल्यांनी एक लक्षात ठेवा. बायमेटल खोलीच्या तापमानाला मीटरवर तुटलेलाच दिसतो, कारण तो थंडीत जुळतो आणि गरम झाला की सुटतो. त्याला बर्फात पुरून मग मोजायचं. न पुरता "हा गेला" म्हणून चांगला भाग बदलणारे आहेत.

मासुंदा

दुरुस्तीच्या बाजूने सगळे लिहीत आहेत, मी फसवणुकीच्या बाजूने लिहितो, कारण ठाण्यात माझ्या ओळखीच्या एका ज्येष्ठ बाईंचे पैसे असेच गेले. फ्रीज बंद पडला की माणूस घाईत मोबाइलवर कस्टमर केअर शोधतो आणि वर येणारा पहिला नंबर लावतो. तो नंबर कंपनीचा असेलच असं नाही. पलीकडचा गोड बोलतो, नोंदणीचे दहा रुपये भरा म्हणून लिंक पाठवतो किंवा स्क्रीन दिसेल असं अॅप टाकायला लावतो. नंबर नेहमी वॉरंटी कार्डावरून किंवा फ्रीजच्या आतल्या स्टिकरवरून घ्या. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

दुसरं, "कंप्रेसरला १० वर्षं वॉरंटी" वाचून निश्चिंत होऊ नका. बहुतेक ठिकाणी ती फक्त कंप्रेसर या वस्तूची असते. गॅस, मजुरी, बोर्ड, येण्याचे पैसे वेगळे. कार्ड काढून बारीक अक्षरं वाचा आणि मगच माणूस बोलवा.

वॉरंटीत असूनही टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, मराठीतही बोलता येतं. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वस्तू ५ लाखांपर्यंतची असेल तर फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. ऐरोली ते बेलापूरवाल्यांना ठाणे जिल्हा, खारघर-पनवेलवाल्यांना रायगड. जुने सुटे भाग परत मागा आणि बिलावर काय बदललं ते लिहून घ्या, हा कागदच पुढे कामाला येतो.

सिडको_घर

पारसिकदादा, डीफ्रॉस्टचं बटण दाबलं, रबर धुतलं. दार आता ओढावं लागतं इतकं घट्ट बसतं. आता बहिणीचा प्रश्न. ती खारघरला राहते. तिच्या डबल डोअरचा गॅस खरोखरच गेलाय, दोन मेकॅनिकांनी वेगवेगळं बघून तेच सांगितलं. एकजण म्हणतो हॉट पाइप लीक आहे, बायपास करून देतो. हे काय असतं आणि करावं का?

पारसिक

फ्रीझरच्या दाराच्या चौकटीत, पत्र्याच्या आतून, गरम गॅसची एक बारीक नळी फिरवलेली असते. चौकट थोडी कोमट राहावी आणि तिथे घाम येऊ नये म्हणून. ही नळी बऱ्याच फ्रीजमध्ये लोखंडी असते आणि फोममध्ये गाडलेली. खाडीकाठची दमट, खारी हवा, त्यात फोममध्ये ओल शिरली की ती आतून गंजते. तिथे हात पोचत नाही, म्हणून तेवढा तुकडा वगळून गॅसची वाट बाहेरून जोडतात. हाच बायपास. योग्य निदान असेल तर तो खरा उपाय आहे, फसवणूक नाही.

पण लीक तिथेच आहे हे त्याने कसं ठरवलं ते विचारा. बरोबर पद्धत अशी की लाइनचे भाग वेगळे करून एकेकात नायट्रोजन दाबाने भरायचा आणि दाब दाखवणाऱ्या घड्याळावर काटा उतरतो का ते बघायचं. चालू फ्रीजला साबणाचा फेस लावून आर-६००एचा थंड बाजूचा लीक सापडत नाही. तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे गॅस बाहेर येण्याऐवजी हवा आणि ओल आत ओढली जाते. म्हणूनच अशा फ्रीजमध्ये नुसता गॅस वाढवून काही दिवसांत कंप्रेसर जातो.

काम करताना बहिणीने हे बघावं: गॅसच्या वाटेतला, ओल टिपणारा फिल्टर नवा घातला का, नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप अर्धा तास तरी चालवला का, आणि गॅस वजनकाट्यावर मोजून घातला का. आर-६००ए जेमतेम ३० ते ६० ग्रॅम लागतो, पट्टीवर नेमका आकडा असतो. बायपास केल्यावर नळी कमी झालेली असते, त्यामुळे थोडा कमी घालावा लागतो. अंदाजाने "हात गार लागेपर्यंत" भरणाऱ्याला काम देऊ नका. ज्योत पेटवायच्या आधी उरलेला गॅस नळी लावून खिडकीबाहेर सोडायला सांगा, स्वयंपाकाच्या गॅसचा कॉक बंद, खिडक्या सताड उघड्या, लहान मुलं बाहेर.

बायपासनंतर पावसाळ्यात त्या चौकटीला घाम येणार, ते सुरुवातीलाच माहीत असू द्या. तो बिघाड नव्हे. कोरड्या फडक्याने पुसत राहा, रबराखाली काळी बुरशी धरू देऊ नका. फ्रीज दहा वर्षांच्या पुढचा असेल आणि पत्रा खालून गंजलेला असेल तर मी बायपास करत नाही, सरळ नाही सांगतो, कारण एक लीक मिटवला की काही महिन्यांत दुसरा उघडतो. बहिणीच्या फ्रीजचं वय आणि खालच्या पत्र्याचा एक फोटो टाका, मग नक्की सांगतो.

सिडको_घर

सहा वर्षांचा आहे. पत्रा स्वच्छ आहे, फोटो टाकलाय.

पारसिक

बघितला. करून घ्या. नायट्रोजनची टेस्ट तुमच्यासमोर करायला सांगा, आणि बिलावर "हॉट पाइप बायपास, नवा फिल्टर, गॅस इतके ग्रॅम" असं लिहून घ्या.